ताईंना विचारा : नाताळच्या भेटी आणि मुलांचं देणं

नाताळ जवळ आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. एरवी अभ्यास, मोबाइल, भावंडांची भांडणं असतात. डिसेंबर लागला की ‘आमच्या मुलांना द्यायला कसं शिकवू’ हा प्रश्न सुरू होतो. मी बरीच वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आणि त्याहून जास्त वर्षं आमच्या चर्चमधल्या नाताळच्या भेटींचं काम बघते आहे. याद्या करायच्या, आलेल्या वस्तू तपासायच्या, कुठल्या घरी काय पोचलं याची नोंद ठेवायची. त्यामुळे देणारी घरं आणि घेणारी घरं, दोन्ही मला जवळून माहीत आहेत. या वेळच्या पत्रांत एक पत्र घेणाऱ्या घरातून आलंय. बाकी काही वाचलं नाहीत तरी तेवढं जरूर वाचा.

प्रश्न : आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे. गरजू घरांतल्या मुलांना देण्यासाठी खेळणी काढायला सांगितली, तर त्याने चाक निखळलेली गाडी, अर्धवट कोडं आणि एक डोळा नसलेलं अस्वल पुढे केलं. मी त्याची आगगाडी उचलली, तर त्याने रडून घर डोक्यावर घेतलं. एवढं सगळं असूनही त्याचा हात सुटत नाही. तो अप्पलपोटा होतोय का? – एक आई

उत्तर : नाही हो. तो त्याच्या वयाला धरूनच वागतोय. एर्न्स्ट फेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधल्या तीन ते आठ वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास केला होता, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. खाऊ सगळा आपल्याकडे ठेवायचा की समोर नसलेल्या दुसऱ्या मुलाला त्यातला वाटा द्यायचा, एवढंच मुलांना ठरवायचं होतं. तीन-चार वर्षांच्या मुलांत वाटा देणारी अगदी थोडी निघाली. सात-आठ वर्षांच्या मुलांत जवळजवळ निम्मी. तुमचा मुलगा या दोन्हींच्या मध्ये आहे. थोडा धीर धरा.

आधी आगगाडी त्याला परत द्या आणि स्वच्छ सांगा, ‘ही तुझी आहे, ही द्यायची नाही.’ आपली वस्तू कधीही उचलली जाईल अशी धास्ती असली की मूल सगळंच घट्ट धरून बसतं. आवडतीला कोणी हात लावणार नाही अशी खात्री पटली की उरलेल्या ढिगाकडे ते मोकळेपणाने बघतं. वर्गात खडू-रंगांच्या वाटणीत मी हे सतत बघत आले. आवडती वस्तूच द्यायला लावण्याचा हट्ट मोठ्यांनी सहा वर्षांच्या मुलाकडे धरू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता ती मोडकी खेळणी. कपाट आवरताना नको असलेलं बाजूला काढतात, हेच त्याने घरात पाहिलंय. तुम्ही म्हणालात ‘खेळणी काढ’, त्याने काढली. ती कोणाकडे जाणार आहेत, तो मुलगा कसा असेल, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा त्याच्यापुढे एक मूल उभं करा. १९७९ साली अमेरिकेत व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग इथे मुक्तिफौजेच्या, म्हणजे ‘साल्व्हेशन आर्मी’ या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या, व्हाइट दांपत्याने हेच केलं. देवदूताचं चित्र असलेल्या कार्डांवर मुलांना काय हवंय ते लिहिलं आणि ती कार्डं बाजारसंकुलातल्या नाताळच्या झाडाला टांगली. येणाऱ्या-जाणाऱ्याने एक कार्ड काढायचं आणि त्या मुलासाठी वस्तू आणायची. आज ही पद्धत कितीतरी ठिकाणी चालते, आम्हीही तीच वापरतो. कार्डावर नाव नसतं. ‘मुलगा, वय ५, गाड्या आवडतात’ एवढंच असतं. तुमच्या मुलाच्या हातात असं कार्ड द्या आणि विचारा, ‘याला काय आवडेल?’ बघा, चाक नसलेली गाडी तो स्वतःच मागे ठेवेल. पुढच्या वर्षी तो कोणत्या वस्तू पुढे करतो तेही बघा.

जुनी खेळणी द्यायची असतील तर गोळा करणाऱ्यांना आधी विचारून घ्या, कारण बरेच जण फक्त नवी घेतात. अमेरिकेच्या ‘मरीन कोअर’ या सैन्यदलाच्या राखीव तुकडीने १९४७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ‘टॉइज फॉर टॉट्स’ हा उपक्रम सुरू केला. सुरुवातीला सैनिक जुनी खेळणी गोळा करून दुरुस्त करायचे. १९८० पासून तिथे फक्त नवी खेळणी घेतात. आम्ही चांगल्या स्थितीतली जुनी घेतो, पण तपासून. हे तपासणं घरीच, मुलाला शेजारी बसवून करा. शंभर तुकड्यांचं कोडं असेल तर ते तसंच डब्यात भरू नका, जमिनीवर पसरून दोघं मिळून पूर्ण जुळवा. शेवटी एक भोक राहिलं आणि पलंगाखाली शोधूनही तुकडा मिळाला नाही, तर ते कोडं द्यायचं नाही. ज्या मुलाला ते मिळेल त्याला ते भोक नाताळच्या दिवशी दिसेल, हे मुलाला तिथेच समजतं. बॅटरीवरच्या खेळण्याचं झाकण स्क्रू काढून उघडा. जुन्या बॅटरीतून पांढरी भुकटी बाहेर आलेली असते, स्प्रिंग गंजलेली असते. ती पुसायची, नवी बॅटरी घालायची, खेळणं चालवून बघायचं. अस्वलाला डोळ्याच्या जागी बटण शिवता येईल, पण बारक्या बाळाच्या घरी ते अस्वल देऊ नका, बाळ बटण तोंडात घालतं. एक संध्याकाळ या कामात जाईल. ती जाऊ द्या.

प्रश्न : मी मुलांना सांगितलंय, दिलेल्या प्रत्येक खेळण्यामागे नाताळला एक जास्तीची भेट. दोघंही आता उत्साहाने देतायत. बायको म्हणते हे बरोबर नाही. सवय लागेपर्यंत बक्षीस दिलं तर काय बिघडलं? – एक बाबा

उत्तर : तुमच्या पत्नीचं बरोबर आहे. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी वीस महिन्यांच्या मुलांवर केलेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या माणसाच्या हातून वस्तू पडायची आणि मूल ती उचलून द्यायचं. काही मुलांना त्याबद्दल बक्षीस मिळालं, काहींना नुसती शाबासकी, काहींना काहीच नाही. पुढे बक्षीस बंद झाल्यावर, ज्यांना ते मिळालं होतं त्यांचीच मदत कमी झाली. शाबासकी मिळालेली आणि काहीच न मिळालेली मुलं मात्र तशीच मदत करत राहिली. इतकी लहान मुलं आपणहून मदत करतात, आणि बक्षिसाने ती ओढ कमी होते. तुमच्या मुलांचा आजचा उत्साह मिळणाऱ्या भेटींचा आहे. बक्षीस थांबवलंत की तुम्हाला ते दिसेलच.

जाहीर केलेलं आहे, तर या वर्षीचा शब्द पाळा. मुलांना फसवू नका. पण पुढच्या वर्षासाठी आत्ताच सांगून टाका की देण्यामागे काही मिळणार नाही. कौतुक जरूर करा. जोन ग्रुसेक आणि एरिका रेडलर यांच्या १९८० च्या अभ्यासात आठ वर्षांच्या मुलांनी आपल्या जिंकलेल्या गोट्या गरीब मुलांसाठी दिल्या होत्या. ‘छान काम केलंस’ असं ऐकलेल्या मुलांपेक्षा ‘तू दुसऱ्याला मदत करणारा मुलगा आहेस’ असं ऐकलेली मुलं पुढे जास्त उदार वागली. हे वाक्य खरं असेल तेव्हाच म्हणा, आणि पाहुण्यांसमोर म्हणू नका.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला सगळं न मागता मिळतं, कशाचीच किंमत नाही. या नाताळला तिला एखाद्या गरजू कुटुंबाच्या घरी घेऊन जावं, तिच्या हातून भेटी द्याव्यात, आणि इतर लोक कसे राहतात ते तिने डोळ्यांनी बघावं, असं मला वाटतं. तुम्ही यादीतलं एखादं कुटुंब सुचवाल का? – एक आई

उत्तर : नाही सुचवणार. तुम्ही वाईट हेतूने विचारत नाही हे मला कळतंय, पण असं पत्र दर वर्षी येतं, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

त्या घरातल्या बाईच्या जागी जरा उभ्या राहा. दार वाजतं. बाहेर अनोळखी आई आणि तिची मुलगी, हातात रंगीत कागदातली खोकी. घरातली मुलं आईच्या मागून डोकावतायत. तिने हसायचं, आभार मानायचे, खोलीत काय आहे आणि काय नाही हे तुमच्या मुलीला बघू द्यायचं. आपल्या मुलांच्या देखत. दोन्ही मुली कदाचित एकाच शाळेत जात असतील. सुट्टी संपल्यावर त्या शाळेच्या जिन्यात समोरासमोर आल्या तर? तुमची मुलगी काही बोलणार नाही कदाचित. पण दुसरी मुलगी रोज त्याच विचारात शाळेत येईल.

दुसऱ्याची अडचण आपल्या मुलांना धडा म्हणून दाखवायची नसते. आणि तो धडाही तुम्हाला हवा तसा मिळत नाही. ‘बघ, यांच्याकडे काही नाही, तुझ्याकडे किती आहे’ असं दाखवलेल्या मुलाला एक तर अपराधी वाटतं, नाही तर आपण वरचे आहोत असं वाटतं. दोन्हींतून माया येत नाही.

ज्यांच्या कथेतून सांताक्लॉज आला ते संत निकोलस चौथ्या शतकात मायरा इथले बिशप होते. ते ठिकाण आज तुर्कस्तानात आहे. त्यांची कथा अशी सांगतात : एका माणसाचे दिवस फिरले. तीन मुली लग्नाच्या आणि हुंड्याला पैसा नाही. निकोलस रात्री त्याच्या खिडकीतून सोन्याची थैली आत टाकत, एकेका मुलीसाठी एकेक. शेवटच्या वेळी बापाने धावत जाऊन त्यांना गाठलं, तेव्हा निकोलसांनी त्याच्याकडून वचन घेतलं की हे कोणाला सांगायचं नाही. नाताळच्या भेटींच्या मुळाशी असलेल्या कथेत देणारा अंधारात येतो आणि लपून जातो. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातही तेच सांगितलंय, उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये. बाप आपल्या मुलींपुढे लहान होऊ नये म्हणून निकोलस रात्री आले, असं मी ही कथा शिकवताना मुलांना सांगत असे.

आमच्याकडे भेटी बांधलेल्या घेत नाहीत, त्याचं कारणही हेच. वस्तू उघड्या घेतो आणि कागदाची गुंडाळी, चिकटपट्टी, फीत वेगळी ठेवतो. यादीतल्या घरचे आई-बाबा दिवेलागणीनंतर, मुलांना घरी ठेवून येतात आणि स्वतः निवडतात. एक आई स्वेटर उचलते, बाही आपल्या हाताला लावून बघते, मनातल्या मनात मुलाची उंची धरते, खाली ठेवते, निळा आहे का विचारते. निळा मिळाला की मग कागद कोणता घ्यायचा यावर तिचा बराच वेळ जातो. गुंडाळी काखेत धरून ती निघते तेव्हा ती दुकानातून निघालेल्या कुठल्याही आईसारखीच असते. नाताळच्या सकाळी तिच्या मुलाला भेट आईकडून मिळते, आमच्याकडून नाही. या एका गोष्टीसाठी मी हे काम इतकी वर्षं धरून ठेवलंय.

तुमच्या मुलीसाठी यात भरपूर काम आहे. कार्ड निवडायचं, त्या मुलीच्या वयाची आणि आवडीची वस्तू दुकानात स्वतः शोधायची, कपडा असेल तर माप बघायचं. कागदाच्या गुंडाळ्या, फिती, नावाच्या चिठ्ठ्या यांचा एक संच तयार करायचा. शुभेच्छापत्र लिहावंसं वाटलं तर लिहू द्या, पण त्यात स्वतःचं नाव नको, ‘तुम्ही गरीब आहात म्हणून’ नको, उत्तराची अपेक्षा नको. ‘नाताळच्या शुभेच्छा’ पुरे. फोटो काढायचा नाही, कुठे टाकायचाही नाही.

ती नक्की विचारेल, ‘ते गरीब का आहेत?’ घाईने ‘बिचारे’ म्हणून विषय संपवू नका. खरं सांगा : कोणाची नोकरी जाते, कोणाच्या घरी दुखणं येतं आणि एकाच पगारातून भाडं, औषधं, फी सगळं काढायचं असतं, कोणी दिवसभर राबतं तरी मजुरीच कमी असते. नऊ वर्षांच्या मुलीला हे कळतं. आपल्याही घरी असं होऊ शकतं हेही तिला कळेल. त्याने ती थोडी घाबरली तर तिच्याशी बोला, पण खोटं सांगून टाळू नका.

राहिला तिला कशाची किंमत नसण्याचा प्रश्न. तो तुमच्या घरातला आहे आणि घरातच सोडवायचा. न मागता देणं थोडं कमी करा. त्यासाठी दुसऱ्या कुटुंबाच्या दारात जावं लागत नाही.

प्रश्न : ताई, हे पत्र छापलं तर नाव देऊ नका. यंदा माझं काम सुटलं. चर्चच्या यादीत आमचं नाव आहे. धाकटी सात वर्षांची. ती विचारते, ‘सांता मैत्रिणीला सायकल देतो आणि मला रंगपेटी, मी काय वाईट वागले?’ मोठा अकरा वर्षांचा, त्याला सगळं समजतं आणि तो गप्प झालाय. शाळेत गरजूंसाठी भेटी गोळा करतायत, प्रत्येकाने काहीतरी आणायचंय. आमच्याकडे न्यायला काही नाही. त्या दिवशी तो पोट दुखतं म्हणून घरी राहिला. – एक आई

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्या आधी इतर आई-बाबांशी बोलते, कारण तुमच्या धाकटीचा प्रश्न त्यांच्या हातात आहे.

ज्यांच्याकडे ऐपत आहे त्यांना माझी विनंती : सायकल, मोबाइल, महागडा खेळ हे सांताच्या नावावर देऊ नका. ते ‘आई-बाबांकडून’ द्या. सांताकडून पुस्तक, रंग, चेंडू, असं काही छोटं येऊ द्या. मुलं शाळेत एकमेकांना विचारतात. सांता सगळ्यांचा असेल तर तो एकाला सायकल आणि दुसऱ्याला रंगपेटी का देतो, याचं उत्तर सात वर्षांचं मूल स्वतःलाच दोष देऊन काढतं. आणि ‘चांगलं वागलास तरच सांता देईल’ हे बोलणंही आता थांबवू या. त्या धाकात तुमचं मूल शहाणं होत नाही, पण दुसऱ्या घरातलं मूल रात्री जागं राहून आपलं काय चुकलं ते शोधतं.

आता तुम्ही. धाकटीला जवळ घेऊन सांगा की भेट लहान-मोठी असणं वागण्यावर ठरत नाही, ती काहीही वाईट वागलेली नाही. तिला हे एकदा सांगून पुरणार नाही, दोन-चार वेळा सांगावं लागेल. सांता खरा की खोटा हा विषय आत्ता काढायची गरज नाही, तिने विचारलं तर बघू.

मोठ्याशी मात्र उघड बोला. काम सुटलंय, शोधते आहे, भाड्याचं असं ठरवलंय, नाताळसाठी चर्चची मदत घेतली आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्याला अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं तो मनाने भरतोय, आणि मुलं ते नेहमी जास्त भयंकर भरतात.

तो घरी राहिला याचं कारण पोटदुखी नाही हे तुम्हीही ओळखलंत. मला तर त्याच्या गप्प बसण्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्यालाही द्यायचंय. घेणाऱ्या घरातली मुलं फक्त घेण्यासाठी असतात, असं आपण सगळे नकळत धरून चालतो, आणि हे त्यांना सगळ्यात जास्त लागतं. मार्काच्या शुभवर्तमानातली विधवा मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी कमी किमतीची दोन नाणी टाकते. येशू शिष्यांना बोलावून सांगतो की या सगळ्या श्रीमंतांपेक्षा तिने जास्त टाकलं. ‘बाई, तुम्ही गरीब आहात, राहू द्या’ असं तिला कोणी म्हटलं नाही. तुमच्या मुलालाही ‘आपण नाही देऊ शकत’ असं म्हणू नका. त्याला विचारा, ‘तुला काय करता येईल?’ शाळेत जमलेली खोकी उचलायला, मोजायला, चिठ्ठ्या लिहायला हात लागतातच. त्याने काढलेलं शुभेच्छापत्र जाऊ शकतं. शेजारच्या लहान मुलाला तो वाचायला शिकवू शकतो. आमच्याकडे यादीतल्या घरची मोठी मुलं दरवर्षी टेबलं लावायला येतात. कोण कुठल्या घरचं हे तिथे कोणी विचारत नाही.

वर्गशिक्षिकेला एकटीला भेटून सांगता आलं तर सांगा. नाहीच जमलं तर हे पान तिच्यापर्यंत पोचेल अशी आशा करते, कारण आता शिक्षकांसाठी दोन शब्द. ‘प्रत्येकाने आणायचंच’ असं सांगू नका. नावांची यादी लावू नका, कोणी काय आणलं ते वाचून दाखवू नका, वर्गावर्गांत चढाओढ लावू नका. झाकण असलेलं खोकं वर्गाबाहेर दाराशी ठेवा, ज्याला जेव्हा टाकायचं तेव्हा तो टाकेल. तुमच्या वर्गात देणारी आणि घेणारी मुलं एकाच बाकावर बसलेली असतात.

आणि बाई, घेतलेल्या मदतीचं ओझं बाळगू नका. तुमच्याकडून कोणी परतफेडीची वाट बघत नाही. या आठवड्यात या आणि मुलांसाठी स्वतः निवडा.

प्रश्न : माझा नातू चौदा वर्षांचा आहे. घरातले सगळे भेटी जमवतायत आणि हा म्हणतो, ‘वर्षातून एकदा खेळणं देऊन काय होणार? जानेवारीत त्यांचं काय?’ सून म्हणते, आगाऊ झालाय. मला उत्तर सुचलं नाही. – एक आजोबा

उत्तर : आजोबा, तो आगाऊ नाही, त्याचा प्रश्न बरोबर आहे. त्याला तसं सांगा. एका खेळण्याने भाडं भरलं जात नाही.

मुक्तिफौजेच्या जोसेफ मॅकफी यांनी १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरावर एक भांडं टांगलं. नाताळला गरिबांना जेवण द्यायचं होतं, त्यासाठी त्यात लोकांनी पैसे टाकावेत एवढाच हेतू. तशी भांडी आजही तिकडे नाताळात रस्तोरस्ती दिसतात, आणि त्यांत जमलेल्या पैशातून आता वर्षभराची मदत चालते. एका दिवसासाठी म्हणून सुरू केलेलं काम जानेवारीपर्यंत पोचू शकतं, पण ते पोचवायला माणसं लागतात. तुमच्या नातवाला विचारा, ‘तू येशील का?’ आमच्याकडे नाताळनंतर वही-पुस्तकं, औषधं, भाडं यांसाठी घरं येतच राहतात, मदतीला येणारी माणसं मात्र एकदम कमी होतात. जिथे तुम्ही राहता तिथेही असंच असणार. आठवड्यातून एक संध्याकाळ, ठरलेल्या वारी. या वयात मुलांना उपदेश नको असतो, जबाबदारीचं काम हवं असतं.

आणखी एक काम खास त्याच्यासाठी. झाडावरची कार्डं भराभर जातात ती लहान मुलांची. बाहुली, गाडी, गोष्टीचं पुस्तक सगळ्यांना घ्यायला आवडतं. शेवटपर्यंत लटकत राहतात ती तेरा-चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची, कारण त्यांच्यासाठी काय घ्यावं हे मोठ्यांना कळत नाही, आणि कळलं तर ते महाग वाटतं. तुमच्या नातवाला कळतं. चौदा वर्षांच्या मुलाला कानात घालायचे हेडफोन हवेत की फुटबॉल, कुठला रंग चालेल आणि कुठला अजिबात चालणार नाही, हे त्याच्याइतकं आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही. घरातल्यांचे पैसे आणि त्याची निवड, असं एक कार्ड त्याला घेऊ द्या.

प्रश्न : ताई, मी दहा वर्षांची आहे. माझ्या गल्ल्यात पैसे साठले आहेत. मला नाताळला त्यातून एका मुलीला भेट द्यायची आहे. आई म्हणते, मोठी झालीस की दे. पैसे थोडेच आहेत. थोडे असले तर चालतात का?

उत्तर : चालतात. कॅनडामधल्या लारा अकनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन वर्षांहूनही लहान बाळं स्वतःला खाऊ मिळाल्यापेक्षा दुसऱ्याला देताना जास्त आनंदी दिसली, आणि स्वतःच्या वाट्यातला दिला तेव्हा त्याहून जास्त. तू तर दहा वर्षांची आहेस, म्हणजे पुरेशी मोठी आहेस. हे उत्तर आईला वाचून दाखव.

गल्ला रिकामा करू नकोस. आधी पैसे मोज, त्यातले तुला किती द्यायचेत ते ठरव, बाकीचे परत ठेव. किती दिले ते आईशिवाय कोणाला सांगू नकोस. मग जिथे भेटी जमवतात तिथे आईबरोबर जा आणि तुझ्याच वयाच्या मुलीचं कार्ड माग. कार्डावरची वस्तू तुझ्या पैशात बसत नसेल तर तिथल्या माणसांना तसं सांग. आम्ही अशा वेळी दोघा-तिघांचे पैसे एकत्र करून एक वस्तू आणतो. वस्तू निवडायला मात्र तू जा.